यीस्ट टूलकिट: वनस्पतींची औषधी रसायनं बनवताना कितपत पुरतं?

वनस्पतीची जनुकं बेकर्स यीस्टमध्ये घालून तिचं औषधी रसायन टाकीत बनवायचं, तर पहिलं काम डीएनएच्या जोडणीचं. दहा-बारा जनुकं, प्रत्येकाला स्वतःचा प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा), स्वतःचा टर्मिनेटर (वाचन थांबवणारा तुकडा), आणि हे सगळं क्रमाने जोडून गुणसूत्रात बसवायचं. या कामासाठी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन ड्यूबर यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये सुट्या भागांचा एक संच प्रसिद्ध केला. नाव मोक्लो यीस्ट टूलकिट. बोलताना सगळे ‘वायटीके’ म्हणतात. अ‍ॅडजीन या ना-नफा प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) भांडाराकडून तो मागवता येतो. ९६ कप्प्यांची प्लेट येते आणि प्रत्येक कप्प्यात एकेक प्लाझ्मिड बाळगणारे गोठवलेले ई. कोलाय जिवाणू असतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. जोडणी हा अडथळा वायटीके जवळपास संपवतं. पण वनस्पतीच्या रसायनांत घोडं बहुतेक वेळा जोडणीनंतर अडतं, आणि तिथे या किटचा हात आखडता आहे. चार-सहा जनुकांच्या मार्गाला ते डोळे झाकून घ्यावं. वीस-तीस जनुकांच्या मार्गाला ते पाया म्हणून घ्यावं आणि वरचे मजले स्वतः चढवायची तयारी ठेवावी.

पेटीत काय आहे

सगळे भाग आठ प्रकारांत विभागले आहेत. १ म्हणजे डावा कनेक्टर (पुढच्या जोडणीसाठीचा सांधा), २ प्रमोटर, ३ जनुकाचा प्रथिन सांगणारा भाग, ४ टर्मिनेटर, ५ उजवा कनेक्टर, ६ यीस्टमधला मार्कर (डीएनए शिरलेल्या पेशी निवडण्याची खूण), ७ यीस्टमधलं ओरिजिन (प्रती काढण्याची सुरुवातीची जागा) किंवा गुणसूत्राशी जुळणारा तुकडा, आणि ८ म्हणजे ई. कोलायसाठीचं ओरिजिन व प्रतिजैविक. प्रत्येक प्रकाराच्या दोन्ही टोकांना चार अक्षरांची ठरलेली चिकट टोकं आहेत. प्रमोटर आणि जनुकाचा सांधा टीएटीजी, जनुक आणि टर्मिनेटरचा एटीसीसी. रेल्वेच्या डब्यांच्या कड्यांसारखंच, फक्त इथे प्रत्येक कडी वेगळ्या मापाची आहे, त्यामुळे डबा चुकीच्या जागी लागतच नाही.

जोडणी तीन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीत स्वतःचं जनुक पीवायटीके००१ या वेक्टरमध्ये (वाहक प्लाझ्मिडमध्ये) बीएसएम-बी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने बसवायचं आणि क्लोरॅम्फेनिकॉलवर निवडायचं. दुसरीत प्रमोटर, जनुक, टर्मिनेटर वगैरे बीएसए-वनने जोडून कॅसेट (एका जनुकाचं पूर्ण एकक) करायची, निवड अ‍ॅम्पिसिलिनवर. तिसरीत कॅसेटी पुन्हा बीएसएम-बी-वनने एकत्र करायच्या, निवड कॅनामायसिनवर. दर पायरीला कातरी बदलते आणि प्रतिजैविकही बदलतं. आधीच्या पायरीचं न कापलेलं प्लाझ्मिड पुढच्या प्लेटवर जगू शकत नाही. ही साधी युक्ती कामाचे किती दिवस वाचवते, हे मिश्र कॉलन्या उपसत बसलेल्यांना सांगायला नको.

प्रमोटर २३ आहेत: १९ कायम चालू, दोन यीस्टच्या लैंगिक प्रकारावर अवलंबून, आणि दोन बाहेरून चालू करता येणारे (गॅलॅक्टोजवर चालणारा जीएएल१ आणि तांब्यावर चालणारा सीयूपी१). कायम चालू असणाऱ्यांत टीडीएच३ आणि सीसीडब्ल्यू१२ सर्वांत जोरकस, पीजीके१ आणि टीईएफ१ त्यांच्या मागे, आरपीएल१८बी मधला, आरईव्ही१ अगदी मंद. हा क्रम चमकणाऱ्या प्रथिनांवर मोजून दिला आहे आणि या किटची खरी किंमत त्यातच आहे. सुटे प्रमोटर कुणाकडूनही मिळतात. एकाच मांडणीत, एकाच पद्धतीने मोजलेला संच मिळणं तेव्हा दुर्मीळ होतं.

टर्मिनेटर मात्र सहाच: ईएनओ१, एसएसए१, एडीएच१, पीजीके१, ईएनओ२, टीडीएच१. गुणसूत्रात बसवायच्या जागा तीन: यूआरए३, एलईयू२ आणि एचओ. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच गाडी अडणार आहे.

जोडणी: मोजमाप आणि चुका

मूळ कृतीत १० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये प्रत्येक भाग ०.५ मायक्रोलिटर, लायगेजचा (डीएनए जोडणाऱ्या एन्झाइमचा) बफर १ मायक्रोलिटर, टी७ लायगेज ०.५, कातरी ०.५ आणि उरलेलं पाणी. मग ४२ अंशांवर २ मिनिटं आणि १६ अंशांवर ५ मिनिटं, अशी २५ आवर्तनं. शेवटी ६० अंशांवर १० मिनिटं अखेरची कापणी आणि ८० अंशांवर १० मिनिटं एन्झाइमं निकामी करणं. यंत्राचा तापमान चढ-उतार धरून साडेतीन तास. टी७ऐवजी जास्त तीव्रतेचं टी४ लायगेज वापरलं तरी चालतं.

इथे सगळ्यात जास्त हलगर्जी होते ती डीएनएच्या प्रमाणात. सर्व भाग सम-मोलर (रेणूंच्या संख्येने सारखे) हवेत, मायक्रोलिटरला सुमारे ५० फेम्टोमोल. म्हणजे २,५०० बेसच्या प्लाझ्मिडला साधारण ८० नॅनोग्रॅम आणि ६,००० बेसच्या कॅसेटला १९५. ‘सगळे शंभर नॅनोग्रॅमवर आणले’ असा आळस केला, तर लहान भाग दुपटीने जास्त पडतात आणि अर्धवट साखळ्या तयार होतात. दोन-तीन भागांना हे खपून जातं. आठ भागांच्या कॅसेटला नाही.

दुसरी चूक बफरची. लायगेजच्या बफरमध्ये एटीपी असतं आणि पुन्हापुन्हा गोठवून वितळवलं की ते मोडतं. कापणी उत्तम, जोडणी शून्य असं दिसलं तर आधी बफर बदलून पाहा. नवा बफर आल्या आल्या छोट्या ट्यूबांमध्ये वाटून ठेवावा.

तिसरी चूक जनुक मागवतानाच होते. जनुकाच्या आत बीएसए-वनची जागा (जीजीटीसीटीसी) किंवा बीएसएम-बी-वनची (सीजीटीसीटीसी) असता कामा नये, उलट्या धाग्यावरही नको. नॉट-वनची आठ अक्षरी जागाही काढा, कारण गुणसूत्रात घालण्याआधी तयार प्लाझ्मिड नॉट-वननेच कापून जिवाणूचा भाग वेगळा करायचा असतो. ही तिसरी जागा हमखास विसरली जाते आणि मग मार्ग मधोमध तुटून अर्धाच यीस्टमध्ये जातो. एखाद्या भागात आतली जागा राहूनच गेली असेल, तर अखेरची ६० आणि ८० अंशांची पायरी वगळून आवर्तन १६ अंशांवर संपवता येतं. कॉलन्या कमी मिळतात, पण मिळतात.

पीवायटीके००१मध्ये आधीपासून हिरवं चमकणारं प्रथिन बसवलेलं आहे. भाग नीट बसला की ते बाहेर पडतं, म्हणून पांढरी कॉलनी उचलायची आणि हिरवी सोडायची. जीएफपी असलेला पीवायटीके०४७ वापरून स्वतःचे तयार वेक्टर बनवले, तर हीच सोय दुसऱ्या पायरीलाही मिळते. ते पहिल्याच आठवड्यात करून ठेवावं. दर वेळी आठ भाग जोडण्यापेक्षा तयार वेक्टरमध्ये फक्त प्रमोटर, जनुक आणि टर्मिनेटर टाकणं कितीतरी भरवशाचं.

किटच्या रचनेतली एक बारकी गोष्ट वनस्पतीच्या एन्झाइमांना थेट भोवते. जनुकाच्या भागात थांब-कोडॉन (प्रथिन इथे संपतं असं सांगणारी तीन अक्षरं) ठेवायचा नाही अशी पद्धत आहे. तो टर्मिनेटरच्या सुरुवातीला आहे. त्यामुळे प्रत्येक प्रथिनाच्या शेपटाला ग्लायसिन-सेरीन ही दोन अमिनो आम्लं जादा लागतात. बहुतेक एन्झाइमांना फरक पडत नाही. पण प्रथिन पेरॉक्सिझोम या पेशीतल्या कप्प्यात पाठवणारी एसकेएल ही खूण प्रथिनाच्या अगदी शेवटीच असावी लागते. तिच्यामागे दोन अमिनो आम्लं आली की पत्ता वाचलाच जात नाही आणि एन्झाइम पेशीद्रवातच राहतं. अशा जनुकाला थांब-कोडॉन स्वतःच्या भागातच घाला.

पहिली चाचणी: पिवळा रंग

नवीन किट आलं की थेट मोठ्या मार्गाला हात घालू नये. दोन जनुकांची उत्तम चाचणी ड्यूबर यांच्याच प्रयोगशाळेच्या २०१५च्या दुसऱ्या कामात आहे. बीटमधलं सीवायपी७६एडी१ टायरोसिनचं एल-डोपा करतं. गुलबक्षीतलं डोपा डायऑक्सिजनेज त्याचं बीटालॅमिक आम्ल करतं आणि ते पेशीतल्या अमिनो आम्लांशी आपोआप जुळून बीटाझँथिन बनतं. बीटाझँथिन पिवळं असतं आणि हिरवट चमकतं. म्हणजे पेशीत एल-डोपा किती बनतंय ते महागड्या यंत्राशिवाय दिसतं.

कॉलन्या पिवळ्या आल्या तर जोडणी, गुणसूत्रात बसणं आणि पी४५० जातीच्या एन्झाइमचं (इथे सीवायपी७६एडी१चं) काम, तिन्ही एकदम तपासली गेली. जांभळट छटा आली तर एल-डोपाचं पुढे ऑक्सिडीकरण होतंय, कारण मूळ सीवायपी७६एडी१ तेही काम करतं. डब्ल्यू१३एल आणि एफ३०९एल हे दोन बदल केलेलं एन्झाइम घेतलं की ही गळती कमी होते. याच युक्तीवर पुढे ग्लुकोजपासून रेटिक्युलिन (अफूतल्या औषधी रसायनांच्या वाटेवरचा रेणू) बनवलं गेलं. तेव्हाचं उत्पादन लिटरला फक्त ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं, तरी ग्लुकोजपासून तिथवर यीस्ट पोहोचतं हे त्याने दाखवलं.

काहीच रंग नाही आला, तर आधी कॉलनी पीसीआरने बसणं तपासा, मग जनुकाची सुरुवात. प्रमोटरशी असलेल्या सांध्यात एटीजी आधीच आहे. प्रायमरमध्ये पुन्हा एटीजी लिहिली तर फक्त एक जादा मेथिओनिन येतो, फारसं बिघडत नाही. पण एखादं अक्षर गळलं तर वाचनाची चौकटच सरकते. प्रत्येक नवा भाग पीवायटीके००१मध्ये असतानाच संपूर्ण वाचून घ्यावा. पुढच्या पायऱ्यांत पीसीआर नाही, त्यामुळे तिथे नवे बदल शिरण्याचा धोका जवळपास नाही.

सहा जनुकं, सहा जागा: आर्टेमिसिनिक आम्ल

कनेक्टरांची साखळी अशी आहे की एका प्लाझ्मिडमध्ये सहा कॅसेटी बसतात. योगायोगाने हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनचा पूर्वज असलेल्या आर्टेमिसिनिक आम्लाला वनस्पतीची सहाच जनुकं लागतात. अमॉर्फाडायीन सिंथेज (एडीएस) फार्नेसिल पायरोफॉस्फेटपासून अमॉर्फाडायीन बनवतं. सीवायपी७१एव्ही१ त्याचं ऑक्सिडीकरण करतं. सीपीआर१ आणि सायटोक्रोम बी५ त्याला इलेक्ट्रॉन पुरवतात. एडीएच१ आणि एएलडीएच१ उरलेल्या पायऱ्या आम्लापर्यंत नेतात. (हे एडीएच१ वनस्पतीचं. यीस्टच्या त्याच नावाच्या जनुकाशी आणि किटमधल्या टर्मिनेटरशी गल्लत करू नका. फायलींची नावं देताना हा घोळ होतोच.)

म्हणून किटची परीक्षा घ्यायला हा मार्ग चांगला. आणि किट त्यात अर्धं उत्तीर्ण होतं.

सहा कॅसेटींना सहा टर्मिनेटर एकेकदा वापरता येतात. तसंच करायला हवं, कारण यीस्टमध्ये समान डीएनएची अदलाबदल फार जोरात चालते. एकच टर्मिनेटर किंवा प्रमोटर दोन शेजारच्या कॅसेटींना लावला, तर मधला भाग वळसा घेऊन बाहेर पडतो आणि मार्गातलं एक जनुक गायब होतं. निवड मार्करवरच असल्यामुळे पेशी वाढत राहतात. हे वाईट रीतीने कळतं: ताज्या कॉलनीत उत्पादन असतं आणि दहा पिढ्यांनंतर नसतं. सहा जनुकांचं प्लाझ्मिड वेक्टर धरून १६,००० बेसच्या आसपास जातं. एवढं मोठं प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये कमी कॉलन्या देतं, तेव्हा शिकाऊ हातांनी तीन-तीन जनुकांची दोन प्लाझ्मिडं करून एक यूआरए३मध्ये आणि दुसरं एलईयू२मध्ये घालावं.

प्रमोटर वाटताना ‘सगळ्यांना टीडीएच३’ हा मोह टाळा. सीवायपी७१एव्ही१ आणि सीपीआर१ यांचं प्रमाण इथे निर्णायक असतं. पी४५० जातीची एन्झाइमं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पटलात अडकून राहतात आणि रिडक्टेजकडून (इथे सीपीआर१कडून) इलेक्ट्रॉन घेतात. रिडक्टेज गरजेपेक्षा जास्त झालं की इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर वाया जातात, पेशीत घातक ऑक्सिजन रेणू साचतात आणि वाढ खुंटते. २०१३ मध्ये लिटरला २५ ग्रॅमपर्यंत नेलेल्या यीस्टच्या वंशात (स्ट्रेनमध्ये) सीपीआर१ मुद्दाम मंद प्रमोटरखाली ठेवलं होतं. वायटीकेत हे करणं सोपं आहे: सीवायपीला सीसीडब्ल्यू१२, सीपीआरला आरपीएल१८बी किंवा त्याहून मंद, आणि तीन-चार पर्याय एकाच दिवसात जोडून समांतर चाचणी. मोजलेल्या प्रमोटरांचा संच इथे पैसे वसूल करतो.

पण किटचे आकडे ग्लुकोजवर भरभर वाढणाऱ्या पेशींचे आहेत. औषधी रसायनं बहुधा तीन-चार दिवसांच्या वाढीत साचतात आणि तेव्हा पेशी ग्लुकोज संपवून इथेनॉलवर आलेल्या असतात. ग्लायकोलिसिसच्या जनुकांचे प्रमोटर तेव्हा मंदावतात. म्हणून किटमधला क्रम हा प्रारंभबिंदू समजा आणि ७२ तासांच्या नमुन्यावर तो पुन्हा ताडून पाहा.

आता अनुत्तीर्ण भाग. आर्टेमिसिनिक आम्लासाठी वनस्पतीची सहा जनुकं पुरत नाहीत. यीस्टचा स्वतःचा, फार्नेसिल पायरोफॉस्फेट पुरवणारा मेव्हॅलोनेट मार्ग रुंद करावा लागतो. एचएमजी१चा छाटलेला तुकडा, ईआरजी२० आणि वरच्या पायऱ्यांची जनुकं वाढवायची. त्याचबरोबर ईआरजी९ आवळायचं, कारण ते फार्नेसिल पायरोफॉस्फेट स्टेरॉलकडे वळवतं. ईआरजी९ काढून टाकता येत नाही, स्टेरॉलशिवाय पेशी जगत नाही. म्हणून बाहेरून दाबता येणारा प्रमोटर हवा: मेथिओनिनने दबणारा एमईटी३ किंवा तांब्याने दबणारा सीटीआर३. वायटीकेत असा एकही प्रमोटर नाही. प्रकार २चा भाग म्हणून तो स्वतः बनवावा लागतो; काम एका प्रायमर-जोडीचं, पण किटकडून अपेक्षा होती. एक गंमत यातून साधता येते: सीटीआर३ स्वतः बनवला आणि किटमधला सीयूपी१ मार्गातल्या दुसऱ्या जनुकाला लावला, तर तांबं घातल्यावर एक दार बंद होतं आणि दुसरं उघडतं.

जीएएल१बाबत सावध राहा. ग्लुकोज असेपर्यंत तो गप्प असतो आणि गॅलॅक्टोज लागतं. त्याला दाबणारं जीएएल८० हे जनुक काढून टाकलं की गॅलॅक्टोजची गरज जाते आणि ग्लुकोज कमी झाल्यावर प्रमोटर आपोआप उघडतो. मोठ्या उत्पादनाच्या वंशात हीच वाट घेतली होती.

गोळा करण्याच्या टप्प्याचा किटशी संबंध नाही, पण उत्पादन ‘नाही’ असं वाटण्यामागे अनेकदा तोच असतो. अमॉर्फाडायीन हवेत उडून जातं, म्हणून फ्लास्कवर तेलाचा थर लागतो. आर्टेमिसिनिक आम्लासाठी आयसोप्रोपिल मिरिस्टेटचा थर वापरला जातो. नमुना फक्त पाण्याच्या भागातून घेतला तर आकडा चुकतो. मधलं अल्डिहाइड पेशींना विषारी ठरतं आणि एएलडीएच१ मागे पडलं की वाढ मंदावते. पुढे आर्टेमिसिनिनपर्यंतची शेवटची पायरी पेशीबाहेर, प्रकाश आणि ऑक्सिजनच्या मदतीने केली जाते.

टॅग लावताना

प्रकार ३ आणि ४ यांचे अ आणि ब असे उपभाग आहेत, म्हणजे प्रथिनाच्या पुढे किंवा मागे टॅग जोडता येतो. वनस्पतीच्या पी४५०ला पुढचा टॅग लावू नये. त्यांची सुरुवातीची वीस-तीस अमिनो आम्लं पटलात रुतणारा खुंटा असतात आणि त्याच्यापुढे चमकणारं प्रथिन बसवलं तर एन्झाइम पटलावर नीट बसत नाही. दिसण्यासाठी टॅग हवाच असेल तर मागच्या बाजूला, आणि तोही उत्पादन मोजायच्या वंशात नको.

पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत पाठवणारे पत्ते किटमध्ये तयार नाहीत. ही उणीव वनस्पतीच्या मार्गांना सगळ्यात जास्त जाणवते. अफूतलं नॉरकोक्लॉरिन सिंथेज यीस्टला विषारी आहे. ते पेरॉक्सिझोममध्ये कोंडलं की विषबाधा कमी होते आणि उत्पादन वाढतं, हे याच बर्कलीच्या गटाने नंतर दाखवलं. पण तो पत्ता या पेटीत नाही. धोतऱ्याच्या कुळातली हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही औषधं २०२० मध्ये स्टॅनफर्डमध्ये क्रिस्टिना स्मोल्के यांच्या गटाने यीस्टमध्ये बनवली, तेव्हा वीसहून अधिक प्रथिनं पेशीच्या सहा वेगवेगळ्या जागी मांडावी लागली, पेशीतल्या पोकळीतून (व्हॅक्युओलमधून) बाहेर नेणाऱ्या वाहतूक-प्रथिनांसकट. तिथे प्रमोटरची ताकद हा प्रश्नांचा छोटासा हिस्सा उरतो.

क्रिस्पर आणि पाडकाम

किटमध्ये क्रिस्परसाठी डीएनए कापणारं कॅस९ आणि ते ठरलेल्या जागी नेणाऱ्या मार्गदर्शक आरएनएसाठीचा भाग (पीवायटीके०५०) आहे. वीस अक्षरांचा मार्गदर्शक दोन छोट्या ओलिगोंनी घालता येतो. यीस्टची स्वतःची जनुकं काढायला हे छान चालतं आणि वनस्पतीच्या मार्गांत ते फार लागतं. सदाफुलीच्या स्ट्रिक्टोसिडिनसाठी ओवायई२, ओवायई३ आणि एटीएफ१ ही यीस्टची जनुकं काढली गेली, कारण यीस्ट मधल्या टर्पीनांचं भलतंच काहीतरी करून टाकतं. रेटिक्युलिनच्या मार्गात यीस्ट एका अल्डिहाइडचं टायरोसॉल किंवा आम्ल करून वाया घालवतं. ते करणारी एआरआय१, एडीएच६, वायपीआर१, जीआरई२, एचएफडी१ वगैरे जनुकं काढून आणि इतर बरेच बदल करून रेटिक्युलिन लिटरला ४.६ ग्रॅमपर्यंत नेलं गेलं. आधीच्या ८० मायक्रोग्रॅमशेजारी हा आकडा ठेवला की वेळ कुठे घालवावा ते कळतं.

मार्कर वाचवायचे तर हाच रस्ता. प्रतिजैविकाचे मार्कर वापरणार असाल तर एक सूचना: जी४१८ हे प्रतिजैविक अमोनियम सल्फेट असलेल्या कृत्रिम माध्यमात नीट काम करत नाही. नायट्रोजनसाठी मोनोसोडियम ग्लुटामेट घाला, नाहीतर न बदललेल्या पेशीही उगवतात आणि दोष किटला दिला जातो.

कुठे संपतं

तीन जागा आणि प्रत्येकी सहा कॅसेटी, कागदावर अठरा जनुकं. प्रत्यक्षात टर्मिनेटर सहाच असल्याने अठरांत प्रत्येक तीनदा येणार, म्हणजे गुणसूत्रांमध्येही अदलाबदलीची शक्यता. यीस्टचे आणखी दहा-बारा टर्मिनेटर प्रकार ४चे भाग म्हणून करून घेणं आणि नव्या जागांचे जुळणारे तुकडे प्रकार ७ व ८ब म्हणून घालणं हे पहिल्या महिन्यातलं काम समजा. कर्करोगावरच्या व्हिन्ब्लास्टिनचे घटक व्हिंडोलिन आणि कॅथरँथिन यीस्टमध्ये बनवणाऱ्या २०२२च्या कामात ५६ जनुकीय बदल होते आणि बाहेरून आणलेली ३४ जनुकं. एवढ्याला मूळ पेटी पुरत नाही.

पर्याय पाहायचा तर डेन्मार्कमधल्या गटाची ईझीक्लोन-मार्करफ्री मालिका आहे. तिच्यात गुणसूत्र १०, ११ आणि १२वरच्या तपासलेल्या जागा तयार मिळतात आणि मार्करशिवाय क्रिस्परने बसवता येतं. जागांच्या बाबतीत ती उजवी. प्रमोटरची निवड आणि तुकडे पुन्हापुन्हा वापरण्याची सोय या बाबतीत वायटीके उजवं. काहीही न जोडता तुकडे थेट यीस्टमध्ये टाकून त्यालाच जोडू देणं हाही मार्ग आहे. एकदाच बनवायच्या मार्गाला तो सर्वांत जलद, पण दहा प्रमोटरांच्या जोड्या तपासायच्या असतील तर प्रत्येक वेळी नवे प्रायमर लागतात.

मागवताना सामग्री-हस्तांतरण करारावर संस्थेची सही लागते. कंपन्यांसाठी अटी वेगळ्या असतात, आधी विचारून घ्या. काही मोजकेच भाग हवे असतील तर ते सुटेही मिळतात. अफूच्या मार्गातली रसायनं बनवणारा वंश असेल, तर परवाना जोडणीच्या आधी मिळवावा लागतो. २०१५ मध्ये यीस्टने अफूतलं थेबाइन बनवल्यापासून हा विषय नियामकांच्या नजरेत आहे.

प्लेट आली की लगेच तिची एक प्रत करून मूळ प्लेट उणे ८० अंशांवर ठेवा. वापरायच्या भागांचे मिनीप्रेप करा (म्हणजे प्लाझ्मिड शुद्ध करून घ्या), ५० फेम्टोमोलवर आणून स्वतंत्र प्लेटमध्ये मांडा आणि झाकणावर प्रमाण व तारीख लिहा. कप्प्यातून थेट टोचून कॉलनी काढताना पुसटशी वाढ शेजारच्या कप्प्यात जाऊ शकते. म्हणून एकच कॉलनी रेघाटून, तिचं प्लाझ्मिड कापून पट्ट्या जुळल्यावरच तो भाग साठ्यात घ्यावा.